आठ किंवा त्याहून जास्त

रविवार, ३ मार्च

मेले. तेही खेळ सुरू व्हायच्या आधी!

हे आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही. नवऱ्याचा तो अंतराळाचा खेळ. जुनं खोकं, कोपरे चिकटपट्टीने जोडलेले, झाकणावर एक यान आणि त्यामागे कलिंगडासारखा ग्रह. त्यात आज मी पहिल्यांदा बसले. म्हणजे बसायला गेले. या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं आणि बोलत बोलत खेळायचं. पंच सांगणार समोर काय आलं, आपण सांगायचं आपण काय करतो, आणि जमलं की फसलं ते दोन फासे ठरवणार. बेरीज आठ किंवा त्याहून जास्त — जमलं. सात किंवा कमी — फसलं. मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना!

तर नाही. आधी आपला माणूस घडवावा लागतो. त्याला अठराव्या वर्षी नोकरीला लावायचं. चार वर्षांची एक फेरी. फेरी संपली की फासे टाकायचे — कशासाठी? तर माणूस त्या चार वर्षांत जगला का ते बघायला! आठ पडले तर पुढची फेरी. नाही पडले तर खलास. कागद फाडा, दुसरा घ्या. मी नौदलात एक डॉक्टरीण लावली होती. उंच, कुरळ्या केसांची. दोन आणि तीन पडले.

"गेली," नवरा म्हणाला.

"गेली म्हणजे? अहो, आत्ता तर आली!"

"पाच आहेत. आठ लागतात."

बाविसाव्या वर्षी. नावसुद्धा ठेवलं नव्हतं. पहिल्या तीन फेऱ्या होईपर्यंत नाव लिहायचं नाही म्हणे, खोडताना कागद खराब होतो. कोण असला खेळ काढतं? आणि कोण तो वर्षानुवर्षं दर रविवारी खेळतं? माझा नवरा!

सोमवार, ४ मार्च

काल रागात कारण लिहायचं राहिलं.

त्यांना डॉक्टर हवाय. बेकरीवाला — आमच्या चौकातला, खेळात तो मालवाहू माणूस आहे — मागच्या महिन्यात भाडं वाचवायला शीतपेटीत झोपून निघाला. म्हणजे गोठवून घेतलं स्वतःला. आता त्याला वितळवून उठवायला यानात डॉक्टर लागतो आणि डॉक्टर नाही. डॉक्टरशिवाय उठवलं तर कायमचा जाऊ शकतो, म्हणून त्याची छाती होत नाही. टोळीतल्या दातवालीला, म्हणजे दातांच्या डॉक्टरला, म्हटलं, तुम्ही खऱ्या डॉक्टर आहात, तुम्हीच व्हा की! ती म्हणाली, "आठवडाभर लोकांच्या तोंडात बघते. रविवारी मला यान चालवू दे." कप्तान आहे माझा धाकटा दीर. एरवी शाळेत भूगोल शिकवतो. त्याच्या हुकमाप्रमाणे डॉक्टर कच्चा चालणार नाही, तीन फेऱ्या झालेला पाहिजे.

हे झालं त्यांचं कारण. माझं वेगळं.

नवरा लिफ्ट तपासतो. दोर, ब्रेक, दारं बघायची आणि शिक्का मारायचा — चालेल किंवा बंद. घरातही तसाच बोलतो. दार लाव. पंखा बंद कर. आलो. मुलगी नोकरीला दुसऱ्या शहरात गेल्यापासून घर इतकं गप्प झालंय की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकते. पण रविवारी दुपारी हाच माणूस बाहेरच्या खोलीत पंच होतो आणि काय बोलतो! बंदरावरची खवट जकातवाली होतो. दारुडा वैमानिक होतो. इंजिनाचा आवाज काढतो, घशातून! मी स्वयंपाकघरात भिंतीआडून ऐकते आणि तोंडावर हात ठेवून हसते.

मला त्या यानात जायचंय. माझा नवरा तिथे राहतो. इथे फक्त झोपायला येतो.

रविवार, १० मार्च

दुसरी पण गेली.

हिला व्यापारी जहाजावर ठेवली. म्हटलं नौदलात गोळ्या चालतात, इथे काय होणार? पहिल्या फेरीत नऊ! टाळी वाजवली मी. दुसऱ्या फेरीत चार.

"कशाने गेली पण?"

"पुस्तकात दिलेलं नाही."

"व्यापारी जहाजावर माणूस मरतं कशाने? मालाची पेटी पडली अंगावर?"

"लिहू तसं?"

लिहिलं त्याने. मालाची पेटी.

हे सगळं चालतं स्वयंपाकघरात, दार लावून. त्यांच्या टोळीची रीतच आहे — नव्या माणसाचं पूर्वायुष्य एकट्या पंचाने ऐकायचं, बाकीच्यांना तो यानात भेटेल तेव्हा कळेल. एका रविवारी एकच माणूस. तो मेला तर पुढच्या रविवारी दुसरा. तोवर बाकीचे तिघं बाहेर ताटकळत. पंचच आत असल्यावर यान हलणार कसं!

मग बाहेर जाऊन बातमी सांगायची. सगळे उठून उभे राहतात. दीर स्टीलच्या वाटीवर चमचा एकदा वाजवतो आणि गंभीरपणे म्हणतो, "गेली. चांगली होती." कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं तिला! बेकरीवाला मात्र उठला नाही. तो गोठलेला आहे ना. गोठलेल्या माणसाने हलायचं नाही, बोलायचं नाही, असं पंचाचं म्हणणं. बिचारा सबंध दुपार खुर्चीत ताठ बसतो आणि फक्त बुबुळं फिरवतो. दातवाली त्याला मधून मधून चहा पाजते. माझी बातमी ऐकून त्याने माझ्याकडे असं पाहिलं की चहाचा पुढचा घोट मीच पाजला.

सोमवार, ११ मार्च

भिंतीपलीकडची शेजारीण आज माझ्या चष्म्यांच्या दुकानात आली. चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणाली. स्क्रू नीटच होता. मग हळूच माझा हात धरला.

"काल ऐकलं मी. चांगली होती म्हणत होते. वय काय होतं हो?"

मी आपली गाफील. म्हणाले, "सव्वीस."

ती डोळे टिपायला लागली. "आणि त्याच्या आधीच्या रविवारी?"

"ती बावीस."

"अरे देवा! एकाच घरातल्या?"

आता हिला काय सांगणार, मालाची पेटी पडली म्हणून? मी नीट असलेला स्क्रू आणखी घट्ट करून दिला.

गुरुवार, १४ मार्च

दातवालीचं म्हणणं, फासेच वाईट आहेत. तक्रार आली म्हटल्यावर नवऱ्याने रीतसर तपासणी काढली!

काचेच्या ग्लासात पाणी, त्यात मीठ, फासा तरंगेपर्यंत मीठ. मग टिचकी मारायची आणि फासा गिरकी घेऊन कुठली बाजू वर आणतो ते बघायचं. एका बाजूला जड असेल तर सारखी तिच्या समोरची बाजू वर येते म्हणे. टिचकी, नोंद, टिचकी, नोंद. लिफ्टच्या दोरावर हात फिरवताना असतो तसाच चेहरा. घरातलं मीठ संपलं. शेवटी खोक्याच्या आतल्या बाजूला चिठ्ठी डकवली: तपासले. दोष नाही. पुढील तपासणी एक वर्षाने. खाली सही.

म्हणजे दोष माझ्यात!

रविवार, १७ मार्च

तिसरी. सात पडले. सात! एका टिंबाने गेली!

पण आज एक गंमत झाली, ती लिहायची आहे. फासे टाकायच्या आधी सांगावं लागतं, या चार वर्षांत माणसाने काय केलं. पहिल्या दोघींच्या वेळी मी "नोकरी केली" एवढं म्हणून मोकळी झाले होते. आज चिडलेच होते. म्हटलं, घे, ऐक! माझी डॉक्टरीण एका चंद्रावर आहे. तिथे धूळच धूळ, सगळ्यांचे डोळे लाल. खोलीत दुसरी एक बाई आहे ती असली घोरते की भिंतीवरचं घड्याळ हलतं. माझी डॉक्टरीण रात्री एकटी जेवते.

"एकटी का?" नवऱ्याने विचारलं.

"बाकीचे जेवताना बोलत नाहीत. मग एकटीच बरी."

पेन्सिल जरा थांबली. मग त्याने ते लिहून घेतलं. जसंच्या तसं. आणि विचारलं, "जेवताना काय करते मग?"

"खिडकीतून बघते. बाहेर काही नाही. धूळ. तरी बघते."

या माणसाने मला 'मग?' असं शेवटचं कधी विचारलं होतं, आठवत नाही. मुलगी पाळण्यात होती बहुतेक.

रविवार, २४ मार्च

चौथी पहिल्याच फेरीत गेली. वाटी वाजवायच्या ऐवजी दिराने ती टेबलावर आपटली.

"दादा, पुरे! वहिनीला घे तशीच. पेटीतला माणूस सडायला आला!"

"गोठलेला सडत नाही," नवरा म्हणाला.

दातवाली म्हणाली, मत घेऊ. दोन हात लगेच वर. मग प्रश्न आला की गोठलेल्या माणसाला मत आहे का. यावर चार शहाण्यासुरत्या माणसांत — मीही त्यात आले! — इतका वेळ वाद झाला की चहा दोनदा गरम करावा लागला. शेवटी ठरलं की त्याने पापणी मिटली तर होकार. बेकरीवाल्याने दोन्ही डोळे असे गच्च मिटले की उघडायलाच तयार नाही.

तीन मतं. सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "आठ लागतात. नियम म्हणजे नियम."

एवढंच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक शब्द म्हणाला असता — ये — तर मी आत असते. फुकट. आज. म्हणजे त्याला मी तिथे नकोच आहे. मला इतकं वाईट वाटलं की मी आत येऊन नळ सोडून उभी राहिले. भांडी नव्हतीच घासायला.

मंगळवार, २६ मार्च

त्याच्याशी बोलत नाही. त्याच्या लक्षात आलंय की नाही, कळायला मार्ग नाही.

रविवार, ३१ मार्च

बसले नाही. केस धुतले, कपाट आवरलं. बाहेरही कोणी फार बोलत नव्हतं. नवऱ्याने इंजिनाचा आवाजसुद्धा काढला नाही.

गुरुवार, ४ एप्रिल

आज दुकानात आला! शिक्क्याची बॅग घेऊन. म्हणाला, इथली लिफ्ट बघायला आलोय. आमच्या संकुलाची लिफ्ट तर जानेवारीत तपासली, याच्याच सहीची चिठ्ठी आहे आत. मी त्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं, नाकावर तो जड गोल सापळा चढवला आणि भिंगं घालायला लागले. निदान समोर बघणं तरी भाग होतं त्याला.

"हे स्पष्ट की हे?"

"पहिलं." मग म्हणाला, "ती घोरणारी कोण होती?"

"कोण घोरणारी?"

"चंद्रावरची. तिच्या खोलीतली. कुठली होती ते सांगितलं नाहीस."

"ती मेली ना आता?"

"डॉक्टरीण मेली. घोरणारी कशाला मरेल?"

मला हसू आलं, पण मी गिळलं. "हे की हे?"

"सारखंच." थोड्या वेळाने म्हणाला, "रविवारी बसणार आहेस?"

"तुम्हाला मी त्या यानात हवी आहे का? सरळ सांगा."

भिंगाआड त्याचे डोळे मोठे मोठे दिसत होते. त्याने ते अक्षरांच्या तक्त्याकडे वळवले. मग म्हणाला, "त्यांना डॉक्टर लागतोय."

त्यांना! दगडाला पाझर फुटेल एखादवेळेस. तरी जाणार आहे मी रविवारी. घोरणारी कुठली होती ते मलाही आत्ताच कळलंय.

रविवार, ७ एप्रिल

पाचवी. हिला दूरच्या एका तळावर पाठवलं, तिथे इंजिनं दुरुस्त करतात. घोरणारी तिथेच बदलून आली आहे! आणि नवऱ्याने आज नवीन माणूस काढला — त्या तळावरचा यंत्रवाला. पंचाला असं कोणीही होता येतं. हा यंत्रवाला दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहतो आणि बोटाला लागलंय म्हणतो. बोटाला काही लागलेलं नसतं.

"मग कशाला आलात?" माझी डॉक्टरीण विचारते.

"इकडून चाललो होतो," यंत्रवाला म्हणतो. नवऱ्याने आवाज बदलला होता, जरा बारीक, अडखळत. "दिवा दिसला."

"तळावर सगळीकडे दिवे आहेत."

"हो. पण इथे कोणीतरी जागं आहे असं वाटलं."

मी हसत सुटले. तोही हसला. स्वतःच्या आवाजात! मग यंत्रवाला दर आठवड्याला यायला लागला, दरवेळी वेगळं बोट घेऊन. दहा बोटं संपल्यावर काय करणार, विचारलं. तर म्हणाला, "पायांना पण आहेत."

दिराने दार ठोठावलं. "वहिनी, आत जिवंत आहे का कोणी?"

तेव्हा कुठे आठवलं, फासे टाकायचे आहेत. पाच पडले. गेली. बाहेर वाटी वाजली, बेकरीवाल्याने डोळे मिटून घेतले. आणि मला लाज वाटते लिहायला, पण अजिबात वाईट वाटलं नाही. पुढच्या रविवारी परत!

मंगळवार, ९ एप्रिल

मुलीचा फोन.

"आई, किती झाल्या?"

"पाच."

"बाबा काही लबाडी तर करत नाहीत ना?"

"तुझे बाबा? काकाच्या इमारतीची लिफ्ट कोणी बंद केली होती? भावजी महिनाभर सहा मजले चढत होते आणि हे खाली उभं राहून सांगत होते, दोर बदला. सख्खा भाऊ! ते काय फाशांत लबाडी करणार?"

"मग तू का हसतेयस?"

"कुठे हसतेय?"

"आई, ऐकू येतंय मला."

रविवार, १४ एप्रिल

सहावी डॉक्टरीण. एकच फेरी झाली आणि दिवे लावायची वेळ आली! पूर्वी अख्खा माणूस जन्मून मरेपर्यंत चहा निवायचा नाही.

यंत्रवाल्याने तिला तळाखालच्या यंत्रघरात नेलं. तिथे एक पंप आहे, जुना, सगळे म्हणतात फेकून द्या. हा रोज जाऊन त्याच्यावर हात ठेवतो. का, विचारलं मी. "चालू आहे ना ते बघायला," नवरा म्हणाला. "आवाज इतका कमी करतो की कळत नाही. हात लावला की कळतं."

असं बोलून तो टेबलाकडे बघत बसला. पेन्सिलीने कागदावर उगाच गोल काढत होता. मी माझ्या डॉक्टरिणीचा हात पंपावर ठेवला. म्हणजे तसं म्हणाले. मग काय झालं, त्याने विचारलं. मी म्हणाले, "गरम लागला." मला सुख झालं. खरंच झालं. या वयात, स्वयंपाकघरात, पंपामुळे!

मग फासे. दहा. जगली.

बाहेर नुसता जल्लोष. दातवालीने बेकरीवाल्याच्या गोठलेल्या पाठीवर थापा मारल्या. आणि मी तिथे उभी, हसरं तोंड करून, बोटांवर मोजत. आणखी दोनदा आठ पडले तर ही यानात जाणार. मग मी मोठ्या टेबलाशी चौघांतली एक. पंच सगळ्यांचा. स्वयंपाकघराचं दार उघडं. यंत्रवाला मागे तळावर राहणार.

बुधवार, १७ एप्रिल

पाव आणायला गेले. इतर वारी बेकरीवाल्याला बोलायची मुभा आहे.

"ताई, पाठ गेली हो माझी. बसून बसून." पाव बांधता बांधता डोळ्यांत पाणी. "बायको म्हणते, रविवारी तुम्ही घरी असता तसेच तिथे बसता, मग जाता कशाला? ताई, तुम्ही एकदा जगा ना! आता एक फेरी झाली आहे. फासे टाकायच्या आधी हातात घासायचे, फुंकर मारायची आणि जोरात टाकायचे. जोर लागतो."

पावाचे पैसे घेईना. मी बळेच ठेवले. त्याने दिलेला पाव खायचा आणि त्यालाच पेटीत कुजवायचं, एवढी मी निगरगट्ट नाही.

पण झाले असते तर बरं झालं असतं. कारण मी ठरवलंय — हिला मारायचं.

रविवार, २१ एप्रिल

मरत नाही!

बेकरीवाल्याने सांगितलं त्याच्या नेमकं उलट केलं. घासले नाहीत. फुंकर नाही. डाव्या हातातून अलगद टेबलावर सोडले, अंडं ठेवावं तसे. सहा आणि सहा. बारा! मार्चपासून चांगल्या पाच पोरी माझ्या डोळ्यांदेखत गेल्या, तेव्हा हे बारा कुठे होते?

दुपारभर मात्र — काय सांगू. घोरणारीचं लग्न लावलं आम्ही. यंत्रवाला सबंध लग्नात कोपऱ्यात उभा. माझी डॉक्टरीण जाऊन विचारते, बोलत का नाही कोणाशी? तर म्हणतो, "लोक समोर असले की काय बोलायचं ते मला आधी लिहून लागतं. दुसऱ्या कोणाचं असेल तर बोलतो भडाभडा. स्वतःचं असलं की अडतं."

मी विचारलं, "हे यंत्रवाला म्हणाला की तुम्ही?"

"यंत्रवाला," नवरा म्हणाला, आणि पाणी प्यायला उठला. भरलेला पेला टेबलावर समोरच होता.

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. काहीही. नाही म्हणाले. फासे टाकले आणि बारा पडले.

गुरुवार, २५ एप्रिल

मुलगी म्हणते, "सरळ सांग ना त्यांना, मला तुमच्याशी असंच बोलायचंय. खेळबिळ सोडून." सोप्पं आहे तिला! परवा रात्री जेवताना सुरुवात केली मी. म्हटलं, "अहो, एक सांगायचं होतं." त्याने मान वर केली. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. मग मी म्हणाले, गॅस संपत आलाय. तो म्हणाला, उद्या सांगतो. तिथे स्वयंपाकघरात फासे मधे असले की दोघंही पोपटासारखे बोलतो. फासे नसले की गॅस.

म्हणून भीती वाटते. खरंच वाटते. एवढ्या वर्षांनी हा माणूस सापडलाय आणि तो एका आठावर टांगलेला आहे.

दिराचा निरोप आला. रविवारी यानात डॉक्टरिणीचं स्वागत, दातवाली केक आणणार. म्हणजे सगळ्यांनी धरूनच चाललंय.

रविवार, २८ एप्रिल

तिसरी फेरी. यंत्रवाला या वेळी बोट घेऊन आला नाही. नुसताच आला. डॉक्टरिणीने बसायला खुर्ची दिली. दोघं बराच वेळ बसले, फार काही बोलले नाहीत, आणि ते चाललं.

मग फासे टाकले. सहा आणि पाच. अकरा.

दोघांनीही पाहिलं. बाहेरून दीर ओरडला, "वहिनी, काय पडलं?"

नवऱ्याने फासे उचलून मुठीत घेतले. माझ्याकडे बघितलं नाही. दाराकडे तोंड करून, मोठ्याने, पंचाच्या आवाजात म्हणाला, "सात. गेली."

कान लालबुंद झाले होते त्याचे.